पाण्यापेक्षा हलकं तेल प्रकाशाला जास्त का वळवतं?

ऊस तोडणीला आला की नाही, हे ठरवायला नुसती लागणीची तारीख पुरत नाही. कारखान्याच्या शेतकी खात्यातला माणूस फडात शिरतो, उसाच्या मधल्या कांडीला टोच्या मारतो, निघालेल्या रसाचा थेंब हातातल्या वीतभर नळीच्या टोकाशी असलेल्या तिरक्या काचेवर टेकवतो, वरची झाकणी मिटतो आणि नळी आभाळाकडे धरून डोळा लावतो. आत एक गोल दिसतो. वरचा भाग निळसर, खालचा पांढरा. दोहोंमधली रेघ मोजपट्टीवर ज्या आकड्यापाशी थांबते, तो त्या रसाचा ब्रिक्स. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी-तेर पट्ट्यात ऊस आणि कारखाना जुनाच, त्यामुळे हा शब्द तिथे ओळखीचा आहे. जिल्ह्यातले द्राक्षबागायतदारही घड उतरवण्याआधी हीच नळी वापरतात. यंत्राचं नाव रिफ्रॅक्टोमीटर. हे यंत्र गोडी मोजतं असं बहुतेकांना वाटतं, पण त्याला गोडी कळत नाही. समुद्राएवढं खारट पाणी त्याच काचेवर टाकलं, तर नळी न लाजता ४ च्या आसपास ब्रिक्स दाखवते. म्हणूनच कारखान्याची प्रयोगशाळा नुसत्या ब्रिक्सवर भागवत नाही, साखरेचा अंश काढायला ‘पोल’ वेगळा मोजते. नळीला कळतं ते एवढंच : थेंबातून काचेत शिरताना प्रकाश किती वळला. आणि तो का वळतो, याबद्दल शाळेपासून सोबत आलेली जी समजूत आहे, तिच्यातच खरा घोळ आहे.

समजूत अशी, की घन पदार्थात प्रकाशाला अडथळा जास्त, म्हणून तो वळतो. पाठ्यपुस्तकात ‘विरळ माध्यम’ आणि ‘घन माध्यम’ असे शब्द येतात, आणि घन म्हटलं की आपण वजनाकडे वळतो : लोखंड घन, कापूस विरळ. शब्दांची निवडच फसवी आहे, विद्यार्थ्याला काय म्हणून दोष द्यावा? पण ही समजूत खोटी ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही, जिल्ह्यात पिकणाऱ्या करडईचं तेल पुरतं. लिटरभर पाण्याचं वजन १ किलो, तर करडईच्या तेलाचं साधारण ९२० ग्रॅम. तेल हलकं, म्हणून पाण्यावर तरंगतं. प्रकाशाच्या हिशेबात मात्र पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, १.३३ आणि या तेलाचा १.४७ च्या आसपास. हवेतून ४५ अंशांनी तिरपा आलेला किरण पाण्यात शिरला की स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी, ३२ अंशांचा कोन करतो. तेलात शिरला तर जवळपास २९ अंशांचा. हलका पदार्थ जास्त वळवतो. काचेच्या भांड्यात खाली पाणी आणि वर तेलाचा थर घेतला, तर गंमत आणखी उघड होते. किरण तेलातून खाली पाण्यात उतरतो, म्हणजे हलक्यातून जडात जातो. वजनाचा नियम खरा असता तर तो स्तंभिकेकडे झुकायला हवा होता. तो उलट तिच्यापासून दूर सरकतो, २९ वरून ३२ अंशांवर. रॉकेल आणि स्पिरिट हीसुद्धा पाण्यापेक्षा हलकी आणि प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वळवणारीच.

यावर ऊस उत्पादक सहज आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. साखर वाढली की रस जड होतो, आणि रस जड झाला की नळीतला आकडाही चढतो. मग वजनाचा संबंध नाही कसा? शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, आणि १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम साखर असलेल्या द्रावणाचा १.३६४; दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, हे खरंच आहे. एकाच पदार्थाचं दाट-पातळ रूप तुलनेला घेतलं की हे असंच होतं, आणि गैरसमजाचं मूळही इथेच आहे. एका घरातला नियम आपण गावाला लावतो. पदार्थ बदलला की तो मोडतो, कारण प्रकाशाचं देणंघेणं वजनाशी नसून अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांशी आहे, आणि तेही नुसत्या त्यांच्या संख्येशी नाही. हिशेब केला तर एक लिटर पाण्यात एक लिटर तेलापेक्षा इलेक्ट्रॉन थोडे जास्तच भरतात. पण पाण्यातले इलेक्ट्रॉन जास्त घट्ट बांधलेले असतात; तेलाच्या लांब कार्बनसाखळीतले त्या मानाने सैल, प्रकाशाच्या हेलकाव्याला चटकन दाद देणारे. ही दाद जेवढी मोठी, तेवढा प्रकाश त्या पदार्थात मंद. निर्वातात तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, करडईच्या तेलात दोन लाखांच्या थोडा वर, हिऱ्यात सव्वा लाखाच्या आतबाहेर. अपवर्तनांक म्हणजे निर्वातातल्या वेगाला त्या पदार्थातल्या वेगाने भागून येणारा आकडा. ‘घन माध्यम’ याचा पाठ्यपुस्तकाला अभिप्रेत असलेला अर्थ इतकाच : जिथे प्रकाश मंद चालतो ते. ‘मंद माध्यम’ म्हटलं असतं तर निम्मा घोळ झालाच नसता.

मग प्रकाश मंद का होतो? इथे दुसरी समजूत आडवी येते, आणि ती विज्ञान शिकलेल्यांतही भेटते. प्रकाशाचे कण अणूंवर आपटत, ठेचकाळत पुढे जातात, म्हणून वेळ लागतो. नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीतून वाट काढताना लागतो तसा. चित्र डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं, पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. गर्दीत धक्के खात जाणारा माणूस ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने बाहेर पडेल याची खात्री नसते. काचेतून गेलेला किरण मात्र रेघेसारखा सरळ बाहेर येतो आणि पलीकडचं अक्षर न अक्षर वाचता येतं. धक्काबुक्की कशी दिसते ते पाहायचं असेल, तर पेलाभर पाण्यात चमचाभर दूध टाकावं. दुधातले स्निग्धाचे बारीक गोळे प्रकाशाला खरोखरच इकडेतिकडे उधळतात. पेला पांढरा दिसतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. स्वच्छ काचेत घडतं ते वेगळंच. प्रकाश ही लाट आहे; ती आत शिरली की तिच्या तालावर इलेक्ट्रॉन हलू लागतात, आणि हलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याच तालाची स्वतःची एक लहानशी लाट सोडतो. ही लाट मूळ लाटेच्या किंचित मागे असते. दोन्हींची बेरीज झाली की जी एकत्रित लाट उरते तिचे माथे थोडे मागे पडलेले असतात. पुढच्या थरात पुन्हा थोडे, त्यापुढच्या थरात आणखी थोडे. याचाच अर्थ लाट हळू चालली. काचेतून बाहेर पडल्यावर प्रकाश पुन्हा मूळ वेगाने जातो, तेव्हा ‘त्याला ढकललं कोणी?’ असा प्रश्न हमखास येतो. ढकलावं लागतच नाही. मागे खेचणारी बेरीज काचेबाहेर संपली, एवढंच.

वेग कमी झाला हे मान्य केलं, तरी वळण्याचा उलगडा त्याने आपोआप होत नाही. रस्त्यावर एसटी मंद झाली म्हणून ती वळत नाही. वर्गात यासाठी बैलगाडीचा दाखला देतात : एक चाक डांबरावर, दुसरं चिखलात, मग गाडी चिखलाकडे फिरते. दाखला वाईट नाही, पण गाडीला दोन चाकं जोडणारा आस असतो. प्रकाशाला आस कुठला, असं एखादं चौकस पोर विचारेल, आणि ते बरोबरच असेल. त्यापेक्षा दिंडी डोळ्यांसमोर आणावी. टाळ-मृदंगाच्या एकाच ठेक्यावर वारकऱ्यांच्या रांगांमागून रांगा चालल्या आहेत, प्रत्येक रांगेतले खांद्याला खांदा लावून. डांबरी रस्ता संपून काळ्या रानातला चिखल सुरू होतो, आणि त्याची कड रांगांना तिरपी आहे. ठेका बदलत नाही, पण चिखलात पाऊल आखूड पडतं. रांगेचं जे टोक आधी चिखलात उतरलं ते आखूड पावलांनी चालू लागलं, दुसरं टोक अजून डांबरावर लांब ढांगा टाकतंय. रांग तुटू द्यायची नसेल, तर तिचा रोखच फिरतो. प्रकाशात रांग म्हणजे लाटेचा माथा, ठेका म्हणजे वारंवारता, पाऊल म्हणजे तरंगलांबी. पृष्ठभागावर सेकंदाला जेवढे माथे येऊन टेकतात तेवढेच पुढे निघायला हवेत, मधल्यामध्ये माथा गडप होऊ शकत नाही. म्हणून ठेका तोच राहतो. आणि पृष्ठभागावर प्रत्येक माथा अलीकडून पलीकडे अखंड जुळलेला राहावा लागतो. हाच तो आस. स्नेलचा नियम म्हणून जे सूत्र पाठ केलं जातं, ते या जुळणीचंच गणित आहे.

एवढं ध्यानात आलं की आणखी एक सरसकट विधान गळून पडतं : माध्यम बदललं की प्रकाश वळतोच. कड रांगांना समांतर असेल तर अख्खी रांग एकाच क्षणी चिखलात उतरते. सगळे मंद होतात, पण वळत कोणी नाही. काटकोनात शिरणारा किरण तसाच सरळ जातो. दुसरी सूट याहून मजेदार आहे. माध्यम बदललं, तिरपेपणाही आहे, पण दोन्हींत वेग सारखाच असेल तर? बोरोसिलच्या परीक्षानळीची काच १.४७ ची आणि करडईचं तेलही जवळपास १.४७ चं. तेल भरलेली नळी तेलाच्याच पेल्यात बुडवली, की बुडालेला भाग दिसेनासा होतो. तेलाबाहेर राहिलेलं तोंड तेवढं हवेत अधांतरी लटकल्यासारखं दिसतं. काच कुठे गेलेली नसते. तिच्या कडेवर प्रकाश ना वळतो ना परततो, आणि पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते ती एरवी याच दोन गोष्टींमुळे. पाण्यात मात्र तीच नळी ठळक दिसते.

हे सगळं लाट गृहीत धरून झालं. कणांचीही एक बाजू होती, आणि ती मांडणारा कोणी साधासुधा नव्हता. न्यूटनचं म्हणणं असं, की पाणी प्रकाशाच्या कणांना पृष्ठभागाशी आत ओढून घेतं, म्हणून किरण आत झुकतो. वळण्याचा कोन दोन्ही सिद्धान्तांतून सारखाच निघतो. नुसते कोन मोजून भांडण मिटणारं नव्हतं. फरक एकाच जागी होता : ओढ खरी असेल तर पाण्यात प्रकाशाचा वेग वाढला पाहिजे, लाट खरी असेल तर घटला पाहिजे. न्यूटनचा ‘ऑप्टिक्स’ १७०४ मधला. निकाल लागायला १८५० साल उजाडावं लागलं, तेव्हा फ्रान्समध्ये फूको या शास्त्रज्ञाने गरागरा फिरणाऱ्या आरशाच्या साहाय्याने हवेतल्या आणि पाण्यातल्या वेगांची तुलना केली. पाण्यातला प्रकाश मागे राहिला. ‘घन पदार्थ प्रकाशाला ओढून घेतो’ अशी भाषा आजही कानावर येते. ती नकळत न्यूटनच्या हरलेल्या बाजूची भाषा आहे.

पाण्यापाशी आलोच आहोत, तर विहिरीचा मुद्दा टाळता येणार नाही, कारण इथे गैरसमज जिवावर बेततो. वरून ओणवून पाहिलं की ४ मीटर खोल पाणी ३ मीटर दिसतं. खरी खोली भागिले १.३३. इथे एक चतुर आक्षेप निघतो : काटकोनातला किरण वळत नाही असं आत्ताच ठरलं, मग सरळ खाली पाहणाऱ्याला खरी खोली दिसायला नको? नको, कारण डोळ्यात एक किरण येत नाही. तळाच्या एकेका बिंदूपासून पसरत निघालेला किरणांचा निमुळता झुपका बुबुळात शिरतो. त्यातला मधला एकच अगदी सरळ असतो, बाजूचे सगळे पृष्ठभागाशी बाहेर वळलेले असतात. ते मागे लांबवले की जिथे मिळतात तिथे डोळ्याला तळ वाटतो, आणि ती जागा खऱ्या तळाच्या वर असते. काठावर दूर उभं राहून तिरपं पाहिलं तर फसगत वाढते. स्तंभिकेशी ६० अंशांनी पाहणाऱ्याला खोली निम्म्याहूनही कमी भासते. शेततळ्याच्या बांधावरून ‘कमरेएवढंच असेल’ असा अंदाज बांधणारा माणूस नेमक्या याच कोनातून पाहत असतो, आणि खाली निसरडं प्लास्टिक अंथरलेलं असतं. अंदाज डोळ्याने घेऊ नये, काठीने घ्यावा.

वळण होतं ते हद्दीवर. एकसारख्या पाण्यात किंवा काचेत पुढचा प्रवास सरळच असतो, हे विसरलं की आणखी एक कोडं पडतं. खिडकीच्या काचेत प्रकाश दोनदा वळतो, तरी बाहेरचं झाड जागच्या जागी का? काचेचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असतात. शिरताना जेवढा आत झुकला तेवढाच निघताना बाहेर झुकतो आणि मूळ दिशेलाच लागतो, फक्त केसभर बाजूला सरकून. पृष्ठभाग समांतर नसले तर काय होतं, याचा जिल्ह्यातला सर्वांत देखणा नमुना नळदुर्गच्या किल्ल्यात आहे. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळू लागलं की आत उभ्या असलेल्याला बाहेरचं जग पाण्याच्या पडद्यातून पाहावं लागतं. हा पडदाही पारदर्शकच, पण त्याची जाडी क्षणाक्षणाला आणि तसूतसूला वेगळी. कुठे तो मधे फुगतो आणि भिंगासारखा वागतो, कुठे पाचरीसारखा निमुळता होतो आणि लोलकासारखा. म्हणून पलीकडची तटबंदी तुटते, जुळते, नाचते. पाण्याचा पडदा आणि खिडकीची काच यांचे अपवर्तनांक फार लांबचे नाहीत. सगळा फरक आकाराचा.

आता ज्या ठिकाणी हद्दच नसते तिथलं पाहू, कारण मांडलेल्या युक्तिवादावर खरा घाव तिथे पडतो. उन्हाळ्यात तुळजापूरहून धाराशिव, येरमाळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं. कोणी म्हणतं भ्रम, कोणी म्हणतं डांबरातून निघणारी वाफ. वाफ तिथे नसते. भ्रमही नव्हे, कारण कॅमेऱ्याला भ्रम होत नाही आणि त्याच्या फोटोतही ते तळं येतं. दिसतं ते आभाळ. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ होते, तिच्यात प्रकाश थोडा वेगाने चालतो, आणि वरून तिरपा येणारा किरण थराथराने वळत वळत जमिनीला न टेकता पुन्हा वर उचलला जातो. दिंडीच्या भाषेत सांगायचं तर इथे चिखलाला कडच नाही. माती हळूहळू सुकत गेलीय, म्हणून रांग एकदम न मोडता कमानीसारखी फिरते. अपवर्तनाला पूर्वी मराठीत ‘वक्रीभवन’ म्हणत. पाणी-काचेच्या हद्दीवर किरण वक्र होत नाही, तो मोडतो. तेव्हा नवा शब्द बरा. मृगजळाला मात्र जुनाच शब्द चपखल बसतो.

रस्त्यालगतच्या आणि वरच्या हवेतला हा फरक तरी केवढा? एप्रिलमधल्या या जिल्ह्याच्या पठारावरच्या हवेचा अपवर्तनांक १.०००२४ च्या घरात. रस्त्यालगतची हवा वरच्यापेक्षा २० अंशांनी जास्त तापली, तर त्यात पडणारी घट फक्त ०.००००१४. एवढ्याशा फरकाने किरण उलटा फिरायचा असेल तर तो रस्त्याला जेमतेम ०.३ अंशाने घसटत आला पाहिजे. मोटारीत बसलेल्याचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरला, तर हा कोन सुमारे सव्वादोनशे मीटर पुढच्या जागी जुळतो. त्याच्या अलीकडे कोरडं डांबर, पलीकडे तळं. मोटार पुढे गेली की कोन जुळण्याची जागाही तेवढीच पुढे जाते, म्हणून ते पाणी कधी हाती लागत नाही. उसाच्या फडातली नळीही याच कारणाने फसते : ती २० अंश तापमानाला जुळवलेली असते, आणि ३५ अंशांच्या उन्हात रस किंचित फुगून आकडा एखाद्या ब्रिक्सने कमी दाखवतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारी नळी नसेल तर ती हाताने करावी लागते.

संध्याकाळी तीच हवा उलटा खेळ करते. वरच्या पातळ हवेतून खालच्या दाट हवेत येताना क्षितिजालगतचा किरण पृथ्वीकडे झुकतो, सुमारे ३४ कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. सूर्यबिंबाची रुंदी ३२ कलांच्या आसपास. परंड्याकडच्या सपाट रानात उभं राहून पाहिलं आणि सूर्याचा खालचा काठ शिवाराला नुकताच टेकलेला दिसला, की समजावं, जवळजवळ सगळं बिंब तेव्हा क्षितिजाखाली गेलेलं असतं. उरलेली दोन-अडीच मिनिटं दिसत राहतं ते हवेने वर उचलून धरलेलं.